मावशीसाठी घेतलेली बस

१२ जानेवारी १९६९
बस घेतली. धरणगावच्या एका जिनिंगमध्ये सरकीच्या पोत्यांखाली दबून होती. एसटी सुरू होण्याआधी खाजगी सर्व्हिसला धावायची. लाकडी बॉडी, पितळी हॉर्न. माझ्याकडे जुनी घड्याळं, कंदील, ग्रामोफोन आहेत, पण कलेक्शन म्हणावं अशी वस्तू ही पहिलीच. ट्रकला बांधून धुळ्याला आणली. अंगणात शिरेना म्हणून कुंपण पाडलं. बायकोने, कुंदाने, विचारलं, हे कशासाठी? म्हणालो, मावशीसाठी. बोलता बोलता सुचलं, पण खरंच आहे ते.

१३ जानेवारी
नर्मदामावशी म्हणजे आईची थोरली बहीण. सोनगीरला एकटी असते. हल्ली तिला दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, डोकं ठणकतं. इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायचं आहे. आई म्हणाली, उद्याच एसटीने आणू. मी साफ नकार दिला. या वयात तिने स्टँडवर ताटकळायचं? सोनगीरला निरोप धाडला: एसटीने निघू नकोस, मी स्वतःची बस घेऊन येतो. आठवडाभरात.

२ फेब्रुवारी
झुलाल मिस्त्रीने इंजिन उघडलं. म्हणाला, भाऊ, हेडला तडा गेलाय. जळगावच्या भंगारवाल्यांकडे गेलो. हेड नाही मिळालं. त्या काळातला एक हेडलाइट मिळाला. फारच सुंदर. फेरी फुकट गेली असं म्हणता येणार नाही.

२० फेब्रुवारी
मावशीचा निरोप. कधी येतोस? डाव्या डोळ्याने अंधुक दिसतंय. मला जेवण गेलं नाही. उद्यापासून फक्त इंजिन. दुसरं काही नाही.

२१ फेब्रुवारी
वरचा रंग खरवडला. खाली मूळचा निळा निघाला! रंगकाम आधी उरकलेलं बरं. मावशीला तेवढंच प्रसन्न वाटेल.

४ मार्च
झुलालने कुठूनसं हेड आणून बसवलं. आई विचारते, आता तरी? सांगितलं, सीटचं रेक्झिन तेवढं राहिलंय. आई काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं.

९ मार्च
इंजिन सुरू झालं. गल्ली गोळा झाली. आई पिशवी घेऊन आत बसली, सोनगीरला निघालो. कोपऱ्यावर रेडिएटर फुटला. आई उतरली आणि पिशवीसकट सरळ एसटी स्टँडकडे चालू लागली. मी बरोबर जायला हवं होतं. पण गरम रेडिएटर असा रस्त्यात टाकून जाणं जबाबदारीचं नव्हे.

१० मार्च
आई मावशीला एसटीने घेऊन आली. दोघींना बसायला जागा मिळाली म्हणे. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू, दोन्ही डोळ्यांना. गेलेली नजर परत येत नाही. जानेवारीत आणलं असतं तर राखता आली असती. इतके दिवस काय करत होता, असंही विचारलं. आई म्हणाली, गाडी मिळत नव्हती. माझ्याकडे तिने बघितलंही नाही.
घरी येऊन हेडलाइट पुसायला घेतला. ठेवून दिला.

६ एप्रिल
मावशी आता आमच्याकडेच राहते. एका शब्दाने बोल लावलेला नाही. आज म्हणाली, तुझी बस दाखव. हात धरून चढवली. तिने सीट चाचपली, खिडकीची चौकट चाचपली. चांगली आहे म्हणाली. चालते ना रे, म्हणून विचारलं.
रेडिएटर अजून फुटकाच आहे, खरं सांगणार होतो. पण तिने पदर सावरला, नीट टेकून बसली, प्रवासाला बसावं तशी. मी ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन म्हणालो, हो मावशी, निघालोच. गिअर खडखडवला. स्टिअरिंग फिरवलं. तोंडाने घरघर सुरू केली. मध्ये एकदा हॉर्नही दिला.
मावशी शांतपणे ऐकत होती. मग तिच्या अहिराणीत म्हणाली, "मोतीलाल, डोया गयात. बाकी बठ्ठं शाबूत शे. गाडी उभी शे."
मी घरघर थांबवली.