चौथी किल्ली

३ जानेवारी

चि. गुंड्या,

आशीर्वाद. इकडे थंडी फार आहे. तिकडेही असेल. कान बांधून बाहेर पडत असशील असं धरून चालते.

पत्रं तुझ्या छापखान्याच्या पत्त्यावरच पाठवते. परत येत नाहीत, म्हणजे कुणीतरी घेतं.

बातमी अशी की घर विकतोय. विकतोय म्हणजे मीच. बाबांना पावसाळ्यात झटका आला हे मागे लिहिलं होतं. उजवी बाजू गेली, वाचाही. तीन मजले, बावन्न पायऱ्या. दवाखान्यात न्यायचं तर दोन माणसं त्यांना खुर्चीसकट उचलतात. तुझ्या ताईकडे तळमजल्यावरची मागची खोली रिकामी आहे. तिथे जायचं.

दलाल दोन स्वेटर घालून येतो. म्हणतो, "काकू, हिवाळ्यात घर बघायला आलेला माणूस आधी कुडकुडतो, मग भाव पाडतो. खिडक्या लावून घ्या. काहीतरी उकळत ठेवा." मी नुसतं पाणी उकळत ठेवते. लोक येतात, नळ सोडून बघतात, कपाटं उघडतात. बाबा पलंगावरून बघत असतात. एका बाईने हळूच विचारलं, "हे घराबरोबर नाहीत ना?" आणि लगेच जीभ चावली. मला हसू आलं. पुष्कळ दिवसांनी आलं.

शेवटी दातांची एक डॉक्टर आणि तिचा नवरा यांचं ठरलं. मुलगी चांगली आहे. तीस तारखेला दुपारी बारा वाजता ताबा द्यायचा.

तिने विचारलं, "मावशी, चाव्या किती?"

"चार."

"इथे तर तीनच आहेत."

"चौथी मुलाकडे असते."

असते, म्हटलं मी. आठ वर्षं झाली तरी.

"मग मागवून घ्या ना," ती म्हणाली.

म्हणून हे पत्र. किल्ली पाठव. स्वतः घेऊन आलास तर टपालाचा घोर नको. दर पत्रात लिहिते तसं, आतली कडी अजून लावत नाही. दाराखालून वारा येतो तो येऊ देते. दार मुठीला धरून थोडं वर उचल, मग किल्ली फिरव. विसरला नसशील.

तुझी
आई


११ जानेवारी

चि. गुंड्या,

आशीर्वाद. काल ताई येऊन गेली. तिच्या मुलीच्या कोटाच्या बाह्या सोडून लांब करून दिल्या. पोरगी ताडासारखी वाढते आहे. शिलाई मशीन नेता येईल असं ताई म्हणाली, टेबल मात्र नाही मावणार. सुतार दार नीट करून गेला. आता उचलावं लागत नाही.

हे सगळं आधी लिहिते, कारण पुढचं लिहायला हात वळत नाही.

दार झाल्यावर कुलूपवाला आला. दलालाचंच म्हणणं होतं, किल्ली अडकते तेही बघून घ्या. कुलूपवाल्याने लॅच उघडलं आणि म्हणाला, "हे तर माझंच काम."

"कसलं काम?"

"हे लॅच मीच बसवलंय, काकू. साहेबांनी बोलावलं होतं. तुम्ही मुलीच्या बाळंतपणाला गेला होता."

"तेव्हा त्यांनी किल्ल्या नव्या करून घेतल्या," मी म्हटलं. "जुन्या झिजल्या होत्या."

"नुसत्या चाव्या नाही हो. अख्खं लॅच बदललं. चार चाव्या दिल्या होत्या मी. जुनी चावी याला कशी लागेल?"

तो हसला. त्याचा काय दोष.

तू गेलास त्याच हिवाळ्यातली ही गोष्ट. ताईकडून परत आले तेव्हा बाबांनी माझ्या हातात नवी किल्ली ठेवली. जुनी झिजली होती, म्हणाले. मी ठेवून घेतली. ताईला तिची दिली. नव्या किल्ल्या तीनच, असं मी समजत होते. तुझी जुनी, ती चौथी.

त्यांनी गोदामात तुझ्यासाठी शब्द टाकला होता आणि तू तीन आठवड्यांत काम सोडलंस, हे त्यांना लागलं होतं. ते मला माहीत होतं. इतकं लागलं होतं हे माहीत नव्हतं.

आणखी एक आहे. तिसऱ्या हिवाळ्यात बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दोन दिवस घर बंद होतं. परत आलो तर समोरच्या वहिनी सांगायला आल्या, "कानटोपी घातलेला एक माणूस तुमच्या दाराशी खटपट करत होता. मूठ धरून दार वर उचलत होता. मी 'कोण आहे' म्हणून ओरडले, तसा खाली गेला." आम्ही चोर समजलो. मी आठवडाभर जिन्यात भेटेल त्याला ही चोराची गोष्ट सांगत होते. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. डोळा दुखत असेल, असं मला वाटलं.

चोर दार उचलत नाही, गुंड्या. ते दार उचलायचं असतं हे आपल्या चौघांनाच ठाऊक.

त्याआधीच्या प्रत्येक पत्रात मी लिहिलं होतं की कडी काढलेली आहे, केव्हाही ये. तू त्या शब्दावर आलास. दाराबाहेर उभं राहून माझ्याबद्दल तुला काय वाटलं असेल, ते मी लिहिणार नाही.

कुलूपवाला गेल्यावर मी बाबांपुढे किल्ली धरली. "का?" म्हटलं. एकदाच. ते किल्लीकडे बघत राहिले. उजव्या डोळ्यातून पाणी आलं. पण तो डोळा झटक्यापासून तसाही गळतो, त्यावरून काही समजायचं नाही. दूध गार झालं होतं. परत गरम केलं, चमच्याने भरवलं. भांडायला समोर माणूस लागतो.

आई


१६ जानेवारी

चि. गुंड्या,

बांधाबांध चालू आहे. बाबांचा जाड कोट घडी घालताना अस्तराच्या तळाशी काहीतरी टोचलं. आतला खिसा फाटलेला होता आणि एक पाकीट त्यातून खाली घसरलं होतं. जन्मभर लोकांचे खिसे शिवले. हा त्यांनी मला दाखवला नाही.

पाकिटावर तुझ्या छापखान्याचा पत्ता आहे. अक्षर त्यांचं. तिकीट लावलेलं. आत नव्या लॅचची किल्ली. चिठ्ठी नाही.

केव्हाचं आहे, कळत नाही. ते टपालात टाकायला निघाले आणि खिशातून हरवलं, की टाकायचं धाडसच झालं नाही, हे आता कुणी सांगू शकत नाही. मी पाकीट त्यांना दाखवलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. तोंड फिरवता येत नाही ना त्यांना.

डॉक्टरीणबाईंना विचारून बघितलं, लॅच एवढं बदलू नका. ती माझा हात धरून म्हणाली, "मावशी, नाही बदललं समजा. आणि तो एक दिवस सरळ आत आला, आणि मी घाबरून किंचाळले, तर? त्याला कसं वाटेल?"

तिचं बरोबर आहे. सगळ्यांचंच बरोबर आहे.

किल्ली त्याच पाकिटातून पाठवते आहे. मधल्या काळात दर वाढले, म्हणून त्यांच्या तिकिटाशेजारी मी एक लावलं. आत खुळखुळू नये म्हणून किल्ली कागदावर शिवली आहे, कोटाला गुंडी लावतात तशी. दोरा तोडताना कागद फाटला तरी चालेल.

टपालाला पाच दिवस लागतात. तुझ्या हाती नऊ उरतात. ही किल्ली तीस तारखेच्या दुपारी बारापर्यंत चालते. त्यानंतर नुसता धातू.

ताईचा पत्ता मागे लिहिला आहे. पण त्या घराची किल्ली माझ्याकडे नाही. तिथे मीही बेल वाजवूनच आत जाणार.

दार उचलू नकोस. किल्ली घाल आणि फिरव.

कडी काढलेली आहे.

तीस तारखेपर्यंत याच पत्त्यावर असलेली,
तुझी आई