गोळीचा टक् आवाज

अक्का,

रागानं लिहायला बसलोय. दोनदा उठलो, वर्कशॉपात चक्कर मारली, पुन्हा बसलो. नुसती मोटार ऐकून बिघाड सांगणारा मी, घरातला आवाज कसा चुकेल? लेकीच्या खोलीतून रोज सकाळी पाकिटातली गोळी काढल्याचा टक् असा आवाज यायचा. दोन दिवस आला नाही.

विचारलं, तर रडली. गोळ्या संपेपर्यंत दहा दिवस बाळाला पाजायचं नाही, दूध काढून टाकायचं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. तू मात्र तिला फोनवर म्हणालीस, "बाटलीवर टाकलेलं पोर आईला विसरतं गं." झालं. पोरीनं गोळ्याच सोडल्या आणि अंगात ताप असताना चोरून पाजत राहिली.

बाईंना विचारून गोळ्या पुन्हा सुरू केल्यात. आता बाळ बाटली धरत नाही. तिच्याकडून नाही, माझ्याकडून तर नाहीच.

"बाबा, तुमच्या हाताला ग्रीसचा वास येतो," म्हणाली आणि डोळे पुसत हसली.

इथवर लिहिलं आणि हात थांबला. आई अंथरुणाला खिळली तेव्हा मला बाटलीवर तूच वाढवलंस, दहा वर्षांची असताना. आई बरी झाली, तरी मी तिच्याकडे जाईना, तुझाच फ्रॉक धरून बसायचो. ते तू अजून मनात धरून आहेस, होय ना?

हे पत्र काही टाकत नाही. फोन करतो. एवढंच म्हणेन, बाटली कशी द्यायची ते तुलाच येतं, संध्याकाळच्या गाडीनं ये.

तुझाच,
बाटलीवरचा