चालू यंत्राची पूजा

बसवनगुडी, बंगळूरु
दसऱ्यानंतरचा दुसरा मंगळवार

प्रिय अक्कास,

धाकट्या मालनचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मनातल्या मनात. माझ्या गुडघ्यांनी वाकायला केव्हाच नकार दिला आहे.) तुझी तब्येत कशी आहे? दयानंदनं आणलेलं ते कडू चूर्ण घेतेस, की त्याची पाठ वळली की कुंडीत ओततेस? बेळगावात आता सकाळी गारवा पडला असेल, कान बांधून फिरायला जा. इकडील सर्व क्षेम असं लिहायची पद्धत आहे, पण मी तसं लिहिणार नाही, कारण इकडे क्षेम नाही, आणि त्याला कारण मीच आहे.

आपल्या शाळेतल्या ख्रिस्ती मुलींचा मला किती हेवा वाटायचा, तुला माहीत आहे. शनिवारी जाळीआड बसलेल्या फादरना जाऊन सगळं सांगायचं आणि रविवारी पांढरेशुभ्र मोजे घालून मोकळं फिरायचं. आपल्याला ती सोय नव्हती. आपल्याला मोठी बहीण होती, आणि ती ऐकून घेण्याआधीच कान पिळायची. तरीही तुलाच लिहिते आहे, यावरून माझी अवस्था ओळख.

विषय असा, की येत्या रविवारी तुझा लेक दयानंद तुझ्याजवळ बसून विचारील, आई, आश्लेषाला गेम खेळायला लॅपटॉप घ्यावा की डेस्कटॉप? (पैसे तो देणार, पण तुला विचारल्याशिवाय तो चप्पलसुद्धा घेत नाही. इतक्या मोठ्या माणसानं असं करू नये, हे माझं मत मी राखून ठेवते.) तू म्हणशील, मला त्यातलं काय कळतं. कळत नाही हे मला माहीत आहे. म्हणूनच सांगते, तू डोळे मिटून डेस्कटॉप म्हण.

तुझी नात आश्लेषा माझ्याकडे राहायला आली तेव्हा तिच्यासोबत एक काचेची पेटी आली, हे मी तुला तेव्हाच कळवलं होतं. आत पंखे फिरतात आणि लाल, हिरवे, जांभळे दिवे लागतात. मी म्हटलं होतं, अगं, हा कॉम्प्युटर आहे की मंगल कार्यालय? तिनं एकेक भाग निवडून, स्वतः स्क्रू पिळून तो बांधला होता. ऑफिसातून आली की डोक्यावर ते मोठे हेडफोन चढवून बसायची आणि ओरडायची, "मागून ये, मागून! अरे, मी मेले! उठवा मला!" पहिल्या दिवशी मी खरोखरच उठवायला धावले होते. तिच्या टोळीत एक सुरतचा आहे, एक गुवाहाटीची डॉक्टर आहे, आणि कोणी कोणाला पाहिलेलं नाही. मी नाकं मुरडली, टोमणे मारले, हे सगळं तुला पत्रांतून कळलेलंच आहे. एक मात्र कळवलं नव्हतं. गेले काही महिने मी भाजी निवडायला तिच्याच खोलीत बसत असे. नुसतं बसायचं, खेळ बघायचा. मग हळूहळू चुका काढायच्या. त्या दगडाआड कोणीतरी आहे, असं मी सांगायची, ती म्हणायची, "स्वल्प गप्प बस ना अज्जी," आणि पुढच्याच क्षणी त्या दगडाआडून तिला गोळी लागायची. पुढे पुढे तर तीच विचारायला लागली, अज्जी, कोणत्या दगडाआड? अक्का, मला निवृत्त झाल्यापासून इतकं कोणी मानलं नव्हतं.

आता पाप सांगते. दसऱ्याला आश्लेषा तुमच्याकडे आली. जाताना एकच सांगून गेली होती, अज्जी, त्याला हात लावू नकोस. आयुधपूजेच्या दिवशी मी नेहमीसारखी सगळ्या यंत्रांची पूजा मांडली, मिक्सर झाला, शिवणयंत्र झालं, पाण्याचा पंप झाला. मग वाटलं, घरातलं सर्वांत मोठं आयुध तर आतल्या खोलीत उपाशी बसलं आहे. मी टेलिफोन खात्यात सुपरवायझर होते हे तू सोडून सगळ्यांना आठवतं. आमच्या एक्स्चेंजमध्ये आयुधपूजा चालू यंत्राचीच व्हायची, कारण एक्स्चेंज बंद करायची कोणाची हिंमत होती? हळद, कुंकू, अक्षता, वर विड्याच्या पानानं तीर्थ, आणि आत टकटक, टकटक, सगळ्या शहराची बोलणी चालूच. तीच माझी शिस्त. शिवाय शेजारची भाग्यलक्ष्मी हळदीकुंकवाला येणार होती, आणि दिवे लागलेले तिनं बघावेत असं मला वाटलं. (ज्या दिव्यांना मी वर्षभर नावं ठेवली, त्यांचाच मला मिरवायला उपयोग. लिहिताना कान तापले.) मी बटण दाबलं. काचेवर गंधाचं बोट ओढलं. डोक्यावर फुलं ठेवली, अक्षता वाहिल्या आणि सढळ हातानं तीर्थ शिंपडलं.

एक्स्चेंजची यंत्रं पोलादी कपाटात बंद असायची. ह्या पेटीच्या डोक्यावर जाळी होती.

आधी खर्रर्र असा आवाज आला, कोणीतरी दाताखाली खडा चावावा तसा. मग सगळे दिवे एकदम जांभळे झाले. भाग्यलक्ष्मी म्हणाली, "अय्यो, किती चंद!" म्हणजे किती सुंदर, आणि तेवढ्यात ते विझले. कायमचे. तिला वाटलं, पूजा संपली. तिनं हात जोडले, खोबरं घेतलं आणि गेली.

त्यानंतर मी जे केलं ते पूजेपेक्षा वाईट. काचेतून लाल तांदूळ स्पष्ट दिसत होते. पेटी हलवून पाहिली, विणकामाची सुई घालून पाहिली, केस वाळवायच्या यंत्रानं गरम हवा मारून पाहिली. शेवटी बाहेरून लख्ख पुसली आणि काचेची बाजू भिंतीकडे करून ठेवली. आश्लेषा परत आली, तिनं बटण दाबलं, काही होईना. "अज्जी, ह्याला काय झालं?" मी म्हटलं, "मला काय माहीत?" आणि स्वयंपाकघरात जाऊन चटणी वाटायला लागले. ती बराच वेळ दार लावून आत होती. बाहेर आली आणि म्हणाली, घरातलं वायरिंग जुनं आहे, त्यानं गेला असेल. अक्का, बुडत्याला काडी मिळावी तशी मी ते वायरिंग धरलं. म्हटलं, मी कधीची सांगते आहे! एवढ्यावर थांबले असते तर बरं. ज्या उमाजीनं माझ्या ह्या घराचं वायरिंग केलं त्याला फोन करून कन्नड, मराठी आणि आपल्या शाळेतल्या सिस्टरांच्या इंग्रजीत झापलं. तो बिचारा म्हणाला, "चुकलं असेल ताई, माफ करा." त्याची माफी मी स्वीकारली. चांगली ऐटीत स्वीकारली.

आता परिणाम बघ. आश्लेषानं बापाला फोनवर वायरिंगचं सांगितलं. दयानंद घाबरला. म्हणाला, मावशीचं घर धोक्याचं आहे, तू सरळ लॅपटॉप घे आणि एचएसआर लेआउटला ऑफिसजवळ पीजीमध्ये राहायला जा, लॅपटॉप काय, काखोटीला मारला की झालं. म्हणजे माझ्या खोट्याला पाय फुटले आणि ते तुझ्या नातीला घेऊन घराबाहेर निघाले आहेत. पीजीतलं जेवण कसं असतं ते मी ऐकून आहे. सांबारात बोट बुडवलं तर तळ लागतो. माझा विरोध केवळ त्या सांबाराला आहे.

तेव्हा काल मी एस. पी. रोडला, कॉम्प्युटरच्या बाजारात गेले, डेस्कटॉपच्या बाजूनं चार मुद्दे गोळा करायला. त्या गल्लीत माझ्या वयाची बाई दिसली की सगळ्यांना चार्जर हवा आहे असं वाटतं. एका दुकानात मंजुनाथ नावाचा मुलगा होता, चुरूचुरू बोलणारा. म्हणाला, "काय अम्मा, नातवाला?" मी म्हटलं, नातीला, आणि गेम खेळायला, आणि मला अम्मा म्हणून किंमत वाढवायची नाही. तो हसला. म्हणाला, लॅपटॉप म्हणजे घडीची खाट, डेस्कटॉप म्हणजे पलंग. खाट कुठंही न्या, पण मोठा गेम लावला की ती तापणार, पंखा केकाटणार, आणि पुढे ताकद कमी पडली तर सगळी खाटच बदलायची. पलंगाचा पाय मोडला तर पाय बदला. तेवढ्याच पैशांत पलंग जास्त दणकट. वीज गेली तर मात्र खाट बरी, तिला स्वतःची बॅटरी असते. मी विचारलं, "पण पलंग उचलून कुठं नेता येत नाही ना?" म्हणाला, "सोपं नाही अम्मा. पॅकिंग करा, टेम्पो आणा, तिकडे परत लावा. कंटाळा करतात लोक." ह्या एका वाक्यासाठी मी गेले होते. मग त्यानं विचारलं, जुन्याला काय झालं? मी म्हटलं, वायरिंग. तो म्हणाला, मग घेऊन या की, पेटी उघडली की एका मिनिटात खरं काय ते कळतं. मी अशी निघाले, की छत्री तिथेच राहिली.

तर अक्का, रविवारी तू डेस्कटॉप म्हण. लॅपटॉपनं मान वाकते म्हण, डोळे जातात म्हण, काहीही म्हण. वायरिंगचा विषय निघाला तर खोकला काढ.

मुलांना आशीर्वाद. प्रकृतीला जप.

तुझी,
मालन

ता. क. – पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून लिहिते. सांबाराचं खोटं आहे. पीजीतलं सांबार चांगलं असलं तरी ती जाऊ नये असं मला वाटतं. ते डबडं बंद पडल्यापासून संध्याकाळी घरात कोणी मरत नाही आणि कोणी उठत नाही. मी भाजी स्वयंपाकघरात निवडते, आणि ती लवकर निवडून होते.

दुसरा ता. क. – आत्ता आश्लेषा ऑफिसातून आली. चहा हातात देण्याआधीच मी सगळं सांगून टाकलं, तीर्थापासून छत्रीपर्यंत. ती म्हणाली, "मला माहीत आहे अज्जी. मदरबोर्डवर तांदूळ होते, तेही कुंकू लावलेले. उंदरांनी नेले म्हणावं, तर इथल्या उंदरांना एवढं सोवळं नाही." मी विचारलं, मग वायरिंग का म्हणालीस? तर म्हणते, "घरात इडली नव्हती, डोसा नव्हता, आणि तू चटणी वाटत होतीस. मला बघवेना." पीजीत जायचं तिच्या मनातसुद्धा नाही, ते बापाचं खूळ. "तिथे माझ्या चुका काढायला कोण आहे?" असं म्हणाली. मग म्हणाली, तू काळजी करू नकोस, बाबांना मी सांगते माझ्याच हातून कॉफी सांडली. आणि अक्का, मी लगेच नको म्हटलं नाही. क्षणभर मला ते पटलं. इतकं सगळं करून झालं, पण त्या एका क्षणाची मला जी लाज वाटते आहे तिला तोड नाही.

तिसरा ता. क. – म्हणून आता खरं काम. रविवारी लॅपटॉप-डेस्कटॉपचं काही बोलूच नकोस. हे पत्र दयानंदला वाचून दाखव, पहिल्या ओळीपासून, मोठ्यानं, काही न गाळता. मी स्वतःच सांगणार होते, दोनदा फोनही केला. पण तो "बोला मावशी" म्हणतो आणि लगेच नवीन वायरिंगचा खर्च मी देतो म्हणतो, आणि मी हवापाण्याचं बोलून फोन ठेवते. सगळ्या बेळगावात तो सांगत असतो, माझी मावशी खोटं बोलत नाही. वाचून झाल्यावर तो हसला, तर मला फोन कर. नाही हसला, तर आश्लेषाला कर. मला कसं सांगायचं ते तिला जमतं.