हुंकारापुरती जागा

मंगळवार, संध्याकाळ. हिंगोली.

अण्णांना, म्हणजे माझ्या आजोबांना, दिसेनासं झाल्यापासून संगणकच त्यांना बाईच्या आवाजात पुस्तकं वाचून दाखवतो. वाचणारा प्रोग्रॅम फुकटचा, जगभरच्या हौशी लोकांनी मिळून केलेला. गेल्या आठवड्यात मी त्याची नवी आवृत्ती घेतली आणि अण्णांनी ऐकणंच सोडलं.

"काहून बंद केलं, अण्णा?"

"ही बाई एस्टी सुटल्यावानी पळून राहिली. हुंकार कुठं द्यावा माणसानं?"

खरंच की. नवी आवृत्ती पूर्णविरामाला थांबतच नाही. लहानपणी अंगणात अण्णा गोष्ट सांगायचे, आणि माझा "हं" आला नाही की तिथंच थांबायचे. "झोपली का गं?" आता ऐकणारे ते. त्यांच्या "हं"साठी कोण थांबणार?

प्रोग्रॅमच्या लोकांकडे तक्रार नोंदवली. एकाने विचारलं, शेवटचं नीट कोणत्या आवृत्तीत चालत होतं? किती साधा प्रश्न. मग जुन्या आवृत्त्या एकेक करून अण्णांना ऐकवल्या, फोनवर रेकॉर्ड करत.

"ही?"

"न्हाई."

"मग ही?"

वाक्य संपलं. अण्णा म्हणाले, "हं."

पुरावा म्हणून तेच रेकॉर्डिंग पाठवलं. अण्णांचा आवाज कापायला हवा होता का? नाही कापला. आज उत्तर आलं: आजोबा जिथे बोलतात, नेमका तिथला थांबा नव्या आवृत्तीत गेलाय. सापडलं, पण दुरुस्तीला वेळ लागेल.

लागू दे. अण्णांसाठी ती जुनीच आवृत्ती परत घातलीय. नवी आवृत्ती घ्यायची का, असं संगणक रोज विचारतो. मी 'नंतर' दाबते.