चाळीस पाचरींचं अंडं

प्रिय आई,

तुला ईस्टरच्या आत उत्तर हवं होतं. देते, पण आधी शाळेतलं ऐक.

माझ्याकडचा पाचवीचा वर्ग काढून घ्यायचा का, हे ठरवायला गुरुवारी पालकांची सभा होती. तक्रार अंड्यांची. भागाकार आणि कोन म्हटलं की पोरं जांभया देतात, म्हणून ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत मी प्रत्येकाला नक्षी काढायला घरून एक कच्चं अंडं आणायला सांगितलं. मेणबत्ती, मेणाची लेखणी, रंगांचे डबे. तू चुलीपाशी मांडायचीस तसंच सगळं. नक्षी आपली चाळीस पाचरींची, अंडंभर त्रिकोणच त्रिकोण, उपासाच्या चाळीस दिवसांची. मी एवढंच विचारलं, "चाळीसच कशावरून?" मग आठवडाभर पोरं मोजत होती, भांडत होती, मधल्या सुट्टीतही उठायला तयार नव्हती! शेवटी उत्तर सापडलं हान्याला, जिला गणितात सगळे दगड म्हणायचे. अठ्ठेचाळीस.

पोरांनी घरी जाऊन हे सांगितलं आणि कार्पेथियन डोंगरांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोंब झाली असं वाटलं. सभेत हान्याची आजी परास्का उठली. "माझ्या आजीच्या आजीपासून चाळीस आहेत. ही शिकलेली पोरगी आली आणि आठ वाढल्या?" मागून हान्याचा काका म्हणाला, "बाईंची कोंबडीसुद्धा कॉलेजात गेली असेल!" सगळे हसले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. मुख्याध्यापिका स्तेफाबाई माझ्याकडे बघेनात.

तेवढ्यात हान्या आपलं अंडं घेऊन पुढे आली. "मोज ना आजी." अंडं हातोहात फिरलं. कुणाच्या त्रेचाळीस झाल्या, कुणाच्या एक्कावन्न. काका चिडला, "अरे, मी सुरुवात कुठून केली होती?" गोल वस्तूला कुठली सुरुवात, आई! "काका, हळू, कच्चं आहे ते," म्हणत हान्याने अंडं परत घेतलं. "सगळ्या मोजायच्याच नाहीत. हे दोन उभे वेढे, हा एक आडवा. झाले आठ भाग. आता एकाच भागात बघा. सहा." परास्का आजीने बोट टेकवून सहा मोजल्या. मग म्हणाली, "म्हणजे आठ दिवसांचे उपास देवाकडे बाकी राहिले की आपले!" छप्पर उडेल एवढं हसले सगळे. ती बसताना म्हणाली, "नाव चाळीसच राहील बरं का. पण वर्ग हिच्याकडेच असू द्या. आमच्या पोरीनं आज पहिल्यांदा मला काहीतरी समजावलं." आई, हान्याची मान तेव्हा कशी ताठ होती! माझीही.

स्तेफाबाईंनी त्याच संध्याकाळी मला कायम केलं. आणि आता तुझं उत्तर. तिकडे इटलीत, मिलानमध्ये, तुझ्या शेजारच्या म्हातारबाईंना सांभाळायचं काम तू किती खटपटीने माझ्यासाठी धरून ठेवलंस, शनिवारच्या गाडीत माझी जागाही राखलीस. पण इतकी वर्षं दुसऱ्यांच्या आया सांभाळून तू मला शिकवलंस, ते कशासाठी, हे मला गुरुवारी कळलं. मी येत नाहीये. माझ्या जागेवर हे पत्र येतंय, आणि हान्याने तुझ्यासाठी दिलेलं तेच अंडं. वेढे घालायला मला तू शिकवलंस, हे मी वर्गात सांगितलंय. रागवायचं असेल तर ते कच्चं अंडं हातात धरून रागव. मूठ आवळता येणार नाही.

इथेच राहिलेली, तरी तुझीच,
ओरिस्या