बिशपची थंडी

कुरावी,
बुधवार, १० मे १९७८

ती. विनीआत्यास,
मेरिनचा सा. न. वि. वि.

उद्या टपालाचा ट्रक येईल, म्हणून आजच लिहून ठेवते. आम्ही दोघं बरे आहोत. बाबांनी रविवारी स्वतः चॉप्स भाजल्या आणि धुराने माश्यासुद्धा स्वयंपाकघर सोडून गेल्या. त्यावर ते म्हणाले की हा फायदा विनीच्या स्वयंपाकात कधी झाला नव्हता. तुझ्या खुब्याची जखम भरत आली का? दुसरं ऑपरेशन झाल्यापासून तू पत्रात फक्त शेजारच्या खाटेवरच्या बाईबद्दल लिहितेस.

आता काळजीचं. तुझा बिशप जेवत नाही. तू कपाटाच्या दारावर चिकटवून गेलेल्या सूचना मी शब्दशः पाळते आहे: ऊब द्यावी, सकाळी ऊन दाखवावं, नाकतोडे द्यावेत, पिवळी फुलं द्यावीत. पण तो फुलाकडे बघतो आणि डोळे मिटतो. पूर्वी मी खोलीत आले की दाढी फुगवून, मान हलवून आशीर्वाद द्यायचा. आता नुसता पसरून पडतो, ओल्या पायमोज्यासारखा.

मी कॉलेजात होते ती तिन्ही वर्षं फक्त नाताळच्या उन्हाळ्यात घरी आले, तेव्हा तर तो अधाशासारखा खायचा. रानातले दाढीवाले सरडे थंडीत दिसेनासे होतात हे मलाही माहीत आहे, पण बिशप घरातला. त्याला कसली थंडी? तरी मी त्याचं खोकं चुलीच्या अगदी जवळ आणलंय. माझं काय चुकतंय ते कळव. बिनतारी रेडिओवरून निरोप धाडून विचारता आलं असतं, पण सकाळच्या गप्पांच्या वेळी सगळा मुलूख कान लावून बसलेला असतो. मागे बाबांच्या गळवाबद्दल डॉक्टरांना विचारलं, तर पुढच्याच ट्रकने शेजारच्या टॉलबिनकाकूंनी मलम पाठवलं.

उत्तर लवकर धाड. लोभ आहेच. तो बिशपच्या तब्येतीवर अवलंबून ठेवू नकोस.

तुझी,
मेरिन

ॲडलेड,
मंगळवार, १६ मे १९७८

चि. मेरिनला अ. आ.

पत्र मिळालं. अक्षर सुधारलंय, पण ‘ओल्या पायमोज्यासारखा’ हे बिशपबद्दल? तो ऐकतो हो सगळं.

एवढी हवालदिल होऊ नकोस. पिवळी फुलं मधात बुडवून बघ. नाकतोडे मोठे असतील तर पाय काढून दे. बाकी मी आलेच आठवड्या-दोन आठवड्यांत, मग बघू त्याचे नखरे. डॉक्टर अजून नक्की तारीख सांगत नाहीत, पण डॉक्टरांना काय, त्यांना खाटा भरलेल्या लागतात. शेजारच्या खाटेवरची बाई आता भिंतीशी बोलते. भिंत तिच्यापेक्षा शहाणी वाटते.

माझ्या भावाला म्हणावं, लेस, चॉप्स जाळायच्या असतील तर बाहेर जाळ. माया आहे तशीच आहे, तिला नवीन काही लावायला नको.

तुझी,
विनीआत्या

कुरावी,
बुधवार, २४ मे १९७८

ती. विनीआत्यास,
सा. नमस्कार, वि. वि.

मध दिला. त्याने जीभ लावली नाही, मुंग्यांनी लावली.

आत्या, मला झोप लागत नाही. सारखं उठून खोक्यात हात घालते. आता चुलीच्या जोडीला दिवाही लावलाय, आणि दिव्यासाठी विजेचं इंजिन बंद करू देत नाही. बाबांनी विचारलं की डिझेल आपण मेंढरांसाठी आणतो की पाद्र्यासाठी. मी म्हटलं, आत्यासाठी. मग ते स्वतःच जाऊन इंजिनात तेल घालून आले.

काल मी काडीने त्याचं तोंड उघडून उकडलेल्या अंड्याचा गोळा आत सारला. त्याने गिळला, पण माझ्याकडे असा बघत राहिला की मला चोरी केल्यासारखं वाटलं. शेपटीच्या मुळाशी हाडं दिसायला लागली आहेत. मी कॉलेजात गेले त्या वर्षी तो ट्रकखाली सापडला, तेव्हापासून तू त्याला वाढवलंस, आणि माझ्या हातात दिलास तेव्हा म्हणालीस की परत घेताना मोजून घेईन. मी काय मोजून देऊ?

आणि एक विचारायचं आहे. बाबा शहरात गेले होते तेव्हा त्यांनी तुमच्या वॉर्डात फोन केला. तिथल्या नर्सबाई म्हणाल्या की तुझं ताट जसं जातं तसं परत येतं. तू हे लिहिलं नाहीस. तुला येता यायला अजून किती दिवस लागणार आहेत? खरं सांग. मला खोटं सांगितलं की मी जास्त वाईट कल्पना करते, हे तुला माझ्या लहानपणापासून माहीत आहे.

तुझी,
मेरिन

ॲडलेड,
मंगळवार, ३० मे १९७८

चि. मेरिनला अ. आ.

हे पत्र वाचायच्या आधी चुलीजवळचं खोकं उचल आणि थंडीत ठेव. मग पुढचं वाच.

ठेवलंस? बिशप आजारी नाही. तो झोपायला बघतोय आणि तू त्याला झोपू देत नाहीस. हे जनावर थंडीत खात नाही, महिनोन्‌महिने पडून राहतं. ऊब दिली की त्याचं अंग जागं राहतं आणि स्वतःलाच खात सुटतं. म्हणून ती हाडं दिसतात. अंडं तर मुळीच नको, थंड पोटात ते कुजतं.

मी दर मे महिन्यात त्याला मागच्या, पूर्वी मांस टांगायचो त्या मांसाच्या खोलीत नेऊन ठेवते. खोक्यात वाळू घाल, वर पोतं टाक, पाण्याची बशी ठेव, दार लाव आणि विसरून जा. तुला विसरता येणार नाही, तरी उगाच उठवू नकोस. ऑगस्ट संपताना तो आपणहून खोकं खरवडेल. तेव्हा आधी पाणी, मग ऊन, आणि खाणं त्यानंतर, त्याने मागितलं तर.

खोलीची किल्ली माझ्या पर्समध्ये होती. या पाकिटात घातली आहे.

आता तू विचारशील की हे मी पहिल्याच पत्रात का नाही लिहिलं. तुला वर्गात बसवून उत्तर लपवणारी मी बाई नाही. मार्चमध्ये निघताना वाटलं, तीन आठवड्यांची गोष्ट आहे, म्हणून उन्हाळ्यापुरतंच लिहून गेले. आणि तुझं पत्र आलं तेव्हा थंडीचं लिहायला हातच उचलेना. ते लिहायचं म्हणजे थंडीभर मी इथे असणार, हे माझ्याच अक्षरात मला वाचावं लागणार. म्हणून मध सुचवला. हाड नीट धरत नाहीये, मेरिन. आणखी एकदा उघडणार आहेत. जेवण का जात नाही ते मलाही कळत नाही. घास तोंडात फिरतो.

तो उठला नाही तर दोष माझा. तो स्वतःच्या अंगावर घ्यायचा तुला हक्क नाही.

विनीआत्या

कुरावी,
बुधवार, १४ जून १९७८

ती. विनीआत्यास,
सा. नमस्कार, वि. वि.

पाकीट हातात घेतलं तेव्हाच किल्ली लागली बोटांना. फोडायच्या आधीच कळलं, आणि फोडायला बराच वेळ लागला.

बिशपला तू सांगितलंस तसं ठेवलंय. आधी दोन रात्री चुलीपासून एकेक खोली दूर नेला, मग मांसाच्या खोलीत. हात लावला तर दगडासारखा गार. मी रोज दाराला कान लावते, पण उघडत नाही. खोटं कशाला सांगू, एकदा उघडलं होतं. बाबा म्हणाले की हा पाद्री नशीबवान, घरात एवढी प्रार्थना कधी झाली नव्हती.

तुझ्यावर रागावले होते. दोन दिवस. मग कपाटावरच्या तुझ्या सूचनांखाली थंडीच्या सूचना माझ्या हाताने लिहिल्या, तेव्हा माझाही हात थांबला. मग राग गेला.

पण एक लक्षात ठेव. न खाण्याची परवानगी बिशपला आहे, तुला नाही. तू सरडा नाहीस आणि ॲडलेडचा वॉर्ड ही मांसाची खोली नाही. यापुढे प्रत्येक पत्रात काय खाल्लंस ते लिहायचं. मी गुण देईन, तू माझ्या शुद्धलेखनाला द्यायचीस तसे. नुसत्या सुपाला अर्धाच गुण. पुडिंग लपवून शेजारच्या बाईला दिलंस तर शून्य, कारण नर्सबाईंना मी वेगळं पत्र घातलंय.

थंडी इथेही कडक आहे. पाण्याच्या टाकीवर सकाळी बर्फाचा पापुद्रा धरतो. तू नाहीस म्हणून घर मोठं वाटतं असं बाबा म्हणतात, म्हणजे मलाही वाटतं.

तुझी,
मेरिन

ॲडलेड,
मंगळवार, २२ ऑगस्ट १९७८

चि. मेरिनला अ. आ.

रविवारी: मटण, बटाटे, वाटाणे, सगळं. मटण एवढं वाईट की आपल्या मेंढ्यांनी पाहिलं असतं तर लाजेने मान खाली घातली असती. तरी संपवलं. पूर्ण गुण हवेत. मागच्या वेळी कस्टर्डचा पाव गुण कापलास, तो मी विसरलेले नाही.

हाडाने अखेर धरलं. काठी घेऊन खिडकीपर्यंत जाते. डॉक्टर सप्टेंबर म्हणाले, आणि या वेळी मी त्यांच्याकडून तारीख वदवून घेतली: चौदा, गुरुवार. ब्रोकन हिलपर्यंत विमान, तिथून टपालाचा ट्रक. लेसला न्यायला येऊ देऊ नकोस, त्याच्या गाडीत हाड पुन्हा मोडेल.

बिशपचं काहीच लिहिलं नाहीस. मी विचारत नाही. पण खरवडल्याचा आवाज आला असेल तर कळव, आला नसेल तरी कळव.

विनीआत्या

कुरावी,
बुधवार, ६ सप्टेंबर १९७८

ती. विनीआत्यास,
सा. नमस्कार, वि. वि.

मटणाला पूर्ण गुण. कस्टर्डचा पाव परत.

लिहिलं नव्हतं कारण लिहिण्यासारखं नव्हतं. ऑगस्ट संपला, दिवस तापायला लागले, जांभळी फुलं कुंपणापर्यंत आली, पण खोलीत आवाज नाही. बाबा मला दिसू नये म्हणून मागच्या बाजूने जाऊन दाराला कान लावत होते. मला दिसत होतं. शनिवारी मी फावडं कुठे आहे ते बघून ठेवलं, हेही सांगून टाकते.

सोमवारी सकाळी खरवडलं. मी ऐकलं आणि हलले नाही, मनाचे खेळ असतील म्हणून. मग बाबा ओरडले की पाद्री घंटा वाजवतोय, दार उघड.

तो वाळूने माखलेला, एक डोळा उघडा, आणि फारच बारीक. पण उभा होता, चारी पायांवर. आधी पाणी दिलं. इतका वेळ प्यायला की मी मोजणं सोडून दिलं. मग ऊन. मी वाकले तेव्हा दाढी फुगवली, थोडीशीच.

अजून खाल्लेलं नाही. फूल पुढे केलं तर मान वळवतो. मी काडी हातात घेतलेली नाही, आत्या. वाट बघते. आज दिवसभर तो उंबऱ्यावर बसून रस्त्याकडे बघत होता. तुला बरं वाटावं म्हणून लिहिते आहे असं समजू नकोस, तिथे मुंग्याही खूप आहेत.

पण गुरुवारचा ट्रक त्याच रस्त्याने येतो. किल्ली तुझा हात पोचेल अशी अडकवली आहे, पूर्वीपेक्षा एक खिळा खाली.

तुझी,
मेरिन

ता. क. पाकीट बंद करत होते तेवढ्यात बाबांनी हाक मारली. त्याने मुंगी खाल्ली. एकच. पण चावून.