चूल आहे का ते विचार

आई, तू परातीत पीठ मळत होतीस आणि मी दाराशी बसून तांदूळ निवडत होते. कामतघरची आपली खानावळ सकाळी दोन तऱ्हांनी चालायची. ज्यांच्या खोलीवर चूल होती ते यंत्रमागावरचे कामगार शिधा बांधून नेत, बाकीचे वाढलेलं ताट घेत. तांदूळ तेच, डाळ तीच. त्या दिवशी एक नवा माणूस आला. मी विचारलं, "किसके घर के हो?" त्याने काका, मामा, आजोबा, सगळ्यांची नावं सांगितली. आजोबा ओळखीचे, त्यांच्या घरचे कायम शिधा नेणारे. मी कोरडे डाळ-तांदूळ पुडीत बांधून दिले. दुपारच्या सुट्टीत तो पुडी घेऊन परत. "बेटी, ये लूम पे कैसे पकाऊँ?" तू त्याला आधी जेवू घातलंस, मग माझ्याकडे वळलीस. "नाव काय इचारतेस? चूल हाय का न्हाय ते इचार."

हे आज का सांगते? तुझे जावई गेल्यावर मी वळ गावातल्या गोदामात लेबलं चिकटवायला लागले, आणि रद्दीतली कॉम्प्युटरची पुस्तकं वाचत वाचत तिथल्याच कॉम्प्युटरच्या टेबलावर पोचले. रोजच्या मालाची यादी मी एक्सएमएलमध्ये ठेवते. एक्सएमएल म्हणजे आपला शिधाच, सोबत शिजवायची कृती. यादी उघडणारे जुने ब्राउझर ती कृती वाचून तक्ता स्वतःच मांडायचे. नवे ते करत नाहीत, त्यांना तयार पान लागतं. म्हणून यादी वाढणाऱ्या मशीनला, सर्व्हरला, मी सांगून ठेवलं, येणाऱ्याचं नाव बघ, जुना असेल तर शिधा दे, नवा असेल तर ताट. मग गेटवर वॉचमनला यादी बघायला हातातला नवा टॅब आला. त्यातल्या ब्राउझरने स्वतःच्या नावाआधी सगळ्या जुन्यांची नावं घेतली. त्यांची रीतच आहे ती, कुणी दारात अडवू नये म्हणून. सर्व्हर पहिल्याच नावाला भुलला आणि त्याने शिधा दिला. वॉचमनचा फोन आला, "मॅडम, लिस्ट नाय आली, नुसते तिरके कंस आलेत. ट्रक आत घेऊ का कंस?"

ट्रकांची रांग रस्त्यावर गेली. साहेब म्हणाले, "उद्या दुपारपर्यंत जमलं तर ठीक. नाहीतर बाहेरचा माणूस आणतो, तुम्ही परत लेबलांवर."

घरी भाताला तांदूळ घेताना तुझी पुडी आठवली. सकाळी जाऊन मी नाव विचारणंच काढून टाकलं. आता येईल त्याला ताट. हेड ऑफिसचा प्रोग्रॅम तेवढा शिधा हवा म्हणून स्वतः सांगतो, त्याला शिधा. यादी उघडली, ट्रक आत गेले. साहेबांनी विचारलं, "कुठे शिकलात हे?" मी म्हटलं, "पुस्तकात."

तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे हे पत्र टपालात टाकायचा प्रश्नच नाही. तू असतीस तर मीच वाचून दाखवलं असतं, आणि "पुस्तकात" म्हणताच तुझे पिठातले हात थांबले असते. म्हणून दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हटलं, "ते काल पुस्तकात म्हटलं ना, तसं नाही. आईकडे शिकले." ते म्हणाले, "अच्छा, क्लास होता का त्यांचा?"

"होता," मी म्हटलं. "कामतघरला. आता बंद झाला."